नावेंत पायाखालीं काय घालावें ?

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मासेमारीच्या नावेची चर्चा कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आणि ज्या घरांत मत्स्याहार निषिद्ध आहे त्या घरांत तर तो अधिकच येईल. त्याचें उत्तर आरंभींच दिलेलें बरें. आमचा भंडारा जिल्हा हा तळ्यांचा जिल्हा होय. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनीं येथें धानाच्या शेतीसाठीं जीं तळीं बांधलीं, त्यांना पुढें मालगुजारी तलाव हें नांव पडलें. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तळीं मात्र राहिलीं. शिवाय मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत उगम पावणारी वैनगंगा जिल्ह्याच्या मधून वाहते. आणि पवनी तालुक्यांत तिच्यावर गोसीखुर्दचें धरण झालें आहे. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली. ज्या पात्रांत पूर्वीं उन्हाळ्यांत कित्येक ठिकाणीं पायीं उतार मिळे, तेथें आतां विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. ह्या तळ्यांवर व ह्या जलाशयावर हजारों ढीवर कुटुंबांचें पोट अवलंबून आहे, व त्या पोटाचें साधन म्हणजे एक लहानशी नाव, जिला इकडे डोंगा म्हणतात. जें साधन शेजाऱ्याचें पोट भरतें आणि प्रसंगीं त्याचा जीवही घेतें, त्याचा विचार सुशिक्षितांनीं करूं नये असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? दुसरें असें कीं, नावेच्या फळीविषयीं जो नियम खरा ठरतो तोच आपल्या घरांतील लांकूडकामासही लागू पडतो. लेखाच्या शेवटीं त्याचा उल्लेख येईलच.

प्रश्न साधा दिसतो. नावेच्या तळावर फासळ्या असतात आणि फासळ्यांवर उभें राहण्यासाठीं फळ्या घातलेल्या असतात. त्या फळ्यांवर ढीवर उभा राहून जाळें टाकतो, मासळीची टोपली ठेवतो, वल्हें मारतो. दहापांच वर्षांत ह्या फळ्या कुजतात, मोडतात, आणि त्या बदलण्याची वेळ येते. तेव्हां काय घालावें? सागवान घालावें, ऐन घालावा, प्लायवूड घालावें, कीं अॅल्युमिनियमचा पत्रा घालावा? बहुतेक लोक हा प्रश्न "सर्वांत टिकाऊ जिन्नस कोणता?" अशा रूपानें विचारतात. आमच्या मतें प्रश्नाची ही मांडणीच चुकीची आहे. विचारावयाचें तें असें कीं, "कोणत्या फळीखालीं नाव टिकेल?" फळी ही नावेकरितां आहे, नाव फळीकरितां नाहीं. फळी कुजली तर शेदीडशें दिवसांच्या मजुरीचें नुकसान होत नाहीं; पण फळीखालीं फासळ्या कुजल्या आणि त्या वेळेवर दिसल्या नाहींत, तर सबंध नावच जाते, व कदाचित् तिच्याबरोबर माणूसही.

लांकूड कां कुजतें ?

लांकूड पाण्यानें कुजतें असें आपण सहज म्हणतों. पण हें अर्धेंच सत्य होय. लांकूड कुजवितें ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात : अन्न, ऊब, ओल आणि हवा. लांकूड हेंच तिचें अन्न. ऊब आमच्याकडे बाराही महिने पुष्कळ. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उरल्या ओल आणि हवा. लांकडांतील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० हून कमी असेल तर बुरशी त्यांत वाढूं शकत नाहीं. म्हणून घरांतील कोरडी तुळई शंभर वर्षें उभी राहते. उलट लांकूड सर्वकाळ पाण्यांत बुडून राहिलें तर त्यांत हवा शिरत नाहीं, व त्यामुळेंही बुरशीस जगतां येत नाहीं. म्हणून विहिरीच्या तळाशीं बसविलेलें लांकडी कडें पिढ्यान् पिढ्या टिकतें. संकट आहे तें मधल्या स्थितींत. जें लांकूड ना पुरतें कोरडें ना पुरतें बुडालेलें, तेंच सर्वांत आधीं कुजतें.

आतां नावेच्या फळीखालची जागा कशी असते तें पाहा. तळांत थोडें पाणी सदोदित असतें. कांहीं सांध्यांतून झिरपलेलें, कांहीं जाळ्यांतून निथळलेलें, कांहीं पावसाचें. वरून फळी घट्ट बसलेली असल्यामुळें वारा आंत जात नाहीं व ऊन पोंचत नाहीं. त्यांत मासळीची खवलें, चिखल, शेवाळ व जलपर्णीचे तुकडे सांचून त्याचा ओला थर फासळीच्या कडेला बसतो. बुरशीनें आपल्यासाठीं घर बांधावयाचें ठरविलें असतें तर तिनें ह्याहून सोईचें घर बांधलें नसतें. "झांकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण संसारांत कितीही उपयोगी असो. नावेंत मात्र झांकलेला तळ सव्वा लाखाचें नुकसान करतो.

येथें आणखी एक भेद ध्यानांत धरला पाहिजे. नावेविषयीं जी माहिती छापून येते ती बहुधा समुद्रावरच्या नावेची असते, आणि ती कोंकणांत खरी असली तरी वैनगंगेवर जशीच्या तशी लागू पडत नाहीं. समुद्रांत लांकडाचा मोठा शत्रु म्हणजे लांकूड पोखरणारा सागरी किडा. तो गोड्या पाण्यांत जगत नाहीं, म्हणून आमच्या ढीवरांस त्याची भीति नाहीं. परंतु समुद्राच्या पाण्यांत जें मीठ असतें तें बुरशीस मारक असतें. आणि हें संरक्षण गोड्या पाण्यांतील नावेस मिळत नाहीं. जुन्या काळीं पाश्चात्य जहाजबांधणारे फासळ्यांच्या मधल्या पोकळींत मुद्दाम मीठ भरून ठेवीत, तें ह्याच कारणासाठीं. समुद्रावरच्या जहाजासही पावसाचें गोडें पाणीच अधिक कुजवितें हें त्यांना अनुभवानें कळलें होतें. तात्पर्य, कुजण्यापुरता विचार केला तर तळ्यांतील डोंगा हा समुद्रांतल्या होडीपेक्षां अधिक नाजूक आहे.

दोन जहाजांची गोष्ट

हवेचें महत्त्व किती, हें इतिहासांतील दोन जहाजांवरून चांगलें कळतें. इंग्लंडच्या आरमारासाठीं 'क्वीन शार्लट' नांवाचें शंभरांहून अधिक तोफांचें प्रचंड जहाज बांधून १८१० सालीं पाण्यांत लोटलें. लांकूड नीट वाळलेलें नव्हतें, आणि आंतल्या पोकळींत वारा खेळता नव्हता. परिणाम असा झाला कीं, एकही लढाई लढण्यापूर्वींच त्या जहाजाच्या अंगांत बुरशी भरली व अतोनात खर्च करून त्याचा पुष्कळसा भाग नव्यानें बांधावा लागला. ह्याच्या उलट 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज आमच्या मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं मलबारी सागवानाचें बांधलें गेलें. १८१७ सालीं तें पाण्यांत उतरलें, आणि आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. दोनशें वर्षांचें आयुष्य! सागवानाचा गुण त्यांत आहेच. पण गुणी लांकूड, तें वाळविण्याचा धीर आणि वाऱ्यास मोकळी वाट, ह्या तिहींचा योग जमला म्हणजेच असें आयुष्य लाभतें. केवळ सागवान सागवान म्हणून जप केल्यानें तें लाभत नाहीं.

आपल्या पूर्वजांनींही ह्या विषयाचा विचार केला होता. अकराव्या शतकांतील धारचा भोजराजा याच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ह्या ग्रंथांत नौकेच्या लांकडाचे हलकें-जड आणि मऊ-कठीण अशा गुणांवरून चार वर्ग केले आहेत, व नौकेस हलकें पण कठीण असें लांकूड प्रशस्त मानलें आहे. त्या वर्गांस चातुर्वर्ण्याचीं नांवें दिलीं आहेत, तो त्या काळचा संकेत. आपण त्यांतील गाभा घ्यावा. हलकें आणि कठीण, ही कसोटी आजही जशीच्या तशी लावतां येते, मग जिन्नस झाडाचा असो वा कारखान्याचा.

वजनाचा हिशेब

हलकेपणास एवढें महत्त्व कां, हें थोड्या गणितानें स्पष्ट होईल. नावेंतील झांकावयाची जागा १२ फूट लांब व ३ फूट रुंद, म्हणजे ३६ चौरस फूट धरूं. तीवर पाऊण इंच जाडीच्या सागवानी फळ्या सलग घातल्या तर त्यांचें वजन सुमारें ४१ किलो होतें. त्याच मापाच्या ऐनाच्या फळ्यांचें सुमारें ५४ किलो. बारा मिलिमीटर जाडीचें चांगलें प्लायवूड घेतलें तर तें २८ किलोंच्या आसपास बसतें. दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा १८ किलो भरतो. लांकडाचा भुसा व प्लॅस्टिक मिसळून केलेल्या ज्या भरीव फळ्या हल्लीं बागेंतील ओट्यांवर दिसतात, त्या पाऊण इंचाच्या घेतल्या तर वजन ७५ किलोंच्याही वर जातें. म्हणजे नावेंत एक धडधाकट माणूस कायमचा बसवून ठेवल्यासारखें झालें, आणि तोही वल्हें न मारणारा!

पण फळीच्या वजनाहून फळीखालच्या पाण्याचें वजन अधिक घातक असतें. त्या ३६ चौरस फुटांत केवळ एक इंच पाणी सांचलें तर तें ८५ लिटर, म्हणजे ८५ किलो होतें. शिवाय तें एका जागीं बसत नाहीं. नाव डावीकडे कलली कीं तें डावीकडे धांवतें आणि कल अधिकच वाढवितें. टोपली, जाळें, माणूस हीं सर्व वजनें सांवरतां येतात. पाण्याचें वजन मात्र नेमकें ज्या बाजूस नको त्या बाजूस जातें. सलग बसविलेल्या फळीखालीं हें पाणी दिसत नाहीं, आणि दिसत नाहीं म्हणून तें उपसलें जात नाहीं. २०२४ च्या जानेवारींत ह्याच वैनगंगेवर, खालच्या अंगास गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शी तालुक्यांतील गणपुराजवळ, मिरची तोडण्यास निघालेल्या मजूर स्त्रियांचा डोंगा उलटून त्यांतील कित्येकजणी बुडाल्या. त्या अपघाताचा दोष फळीवर होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु डोंग्याचा तोल किती सूक्ष्म असतो, आणि त्यांत एखाद्या मणाचा फेर पडला तर काय होऊं शकतें, ह्याची ती दारुण आठवण आहे. ज्यास आपण 'पायाखालची फळी' म्हणून क्षुल्लक लेखतों, तिच्या निवडीनें हा एखाद्या मणाचा फेर सहज पडतो.

कोणता जिन्नस कसा ?

आतां एकेका जिनसाचा गुणदोष पाहूं.

सागवान. हलकें, कठीण, स्वतःच्या तेलानें बुरशीस दूर ठेवणारें व ऊनपाण्यांत फारसें न वांकणारें. नावेस ह्याहून चांगलें लांकूड मिळणें कठीण. आमच्या शेजारच्या आलापल्ली-बल्लारपूर भागांतील सागवानाची कीर्ति सर्वश्रुत आहे. २०२३ सालीं अयोध्येच्या मंदिरासाठीं तेथूनच लांकूड गेलें. परंतु घेणाऱ्यानें एक खबरदारी घ्यावी. सागवानाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यांत आहे; सालीलगतचा जो फिकट पांढुरका भाग असतो तो इतर कोणत्याही सामान्य लांकडासारखाच लवकर कुजतो. लहान वयाच्या लागवडींतील झाडांत हा पांढरा भाग पुष्कळ असतो. 'सागवान' ह्या नांवाचे पैसे देऊन पांढरें लांकूड घरीं आणणें म्हणजे दुधाच्या भावानें ताक घेणें होय.

ऐन, बिजा, मोह. हीं आमच्या रानचीं लांकडें बळकट खरीं, पण जड. ऐन उन्हांत तडकतो व वांकतो. फासळीस किंवा वल्ह्याच्या आधारास तीं घालावीं. पायाखालीं सलग अंथरूं नयेत. आंबा व सांवर स्वस्त व हलके असतात. पण ओल लागतांच कुजतात. एका पावसाळ्यापुरती निकड असेल तरच ते वापरावे.

बांबू. सुशिक्षितांस हा पर्याय सुचत नाहीं, कारण तो फार जवळचा आहे. बांबूच्या कामट्या एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवून सुंभानें वा तारेनें विणलेला तट्टा हा सर्वांत हलका व सर्वांत स्वस्त. तो गुंडाळून खांद्यावर घरीं नेतां येतो; पाणी त्यांतून आपोआप खालीं जातें व वारा वर येतो. त्याचा दोष एवढाच कीं, तो फार दिवस टिकत नाहीं. बांबूंतील पिठुळ अंशावर घुण पडतो. म्हणून तोडल्यावर तो कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा, म्हणजे तो अंश धुवून जातो, व मग सावलींत वाळवावा. असा तट्टा एकदोन वर्षांनीं बदलावा लागला तरी तो खर्च बुरुडाच्या घरीं जातो आणि नावेच्या फासळ्या शाबूत राहतात. लहान तळ्यावरच्या डोंग्यास हा पर्याय आम्ही कमी प्रतीचा समजत नाहीं.

प्लायवूड. येथें घात होतो तो नांवाच्या सारखेपणानें. घरांतील कपाटाचें साधें प्लायवूड आणि नावेसाठीं केलेलें 'मरीन' प्लायवूड दिसण्यांत एकच. पण पहिल्याचा डिंक ओलींत सुटतो व एकदोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडतात. दुसऱ्याच्या डिंकाची परीक्षा तें तासन् तास पाण्यांत उकळून घेतलेली असते. भारतीय मानक संस्थेचा आय. एस. ७१० हा क्रमांक ज्या तक्त्यावर छापलेला असेल तोच घ्यावा, आणि दुकानदाराच्या शब्दापेक्षां छापावर विश्वास ठेवावा. तक्ता कापल्यावर ज्या कडा उघड्या पडतात त्यांतूनच पाणी शिरतें. म्हणून प्रत्येक कडेस व पाडलेल्या प्रत्येक भोंकास इपॉक्सी रेझिनचे दोनतीन हात द्यावे. वरचा गुळगुळीत चेहरा राखून कडा कोऱ्या सोडणें म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणें होय.

फायबर. कांचेच्या तंतूंचें कापड रेझिनमध्यें भिजवून फळीवर चढवितात. नव्या कोरड्या प्लायवूडवर हा लेप उत्तम बसतो. परंतु जुन्या ओलसर फळीवर तो चढविला तर आंतली ओल आंतच कोंडली जाते व फळी लेपाखालीं गुपचूप कुजते. आणि सागवानाच्या तेलामुळें त्यावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरतही नाहीं. शिवाय मासळीचा चिकटा पडला कीं त्यावर पाय घसरतो. शेवटच्या हातावर बारीक चाळलेली, धुऊन वाळविलेली वाळू पेरावी. ती तर वैनगंगेच्या कांठीं कोणासही शोधावी लागत नाहीं.

अॅल्युमिनियम. हलका, न कुजणारा व न गंजणारा. उठावाच्या नक्षीचा पत्रा घेतला तर घसरतही नाहीं. पण आमच्या वैशाखांतल्या दुपारीं त्यावर अनवाणी उभें राहून पाहावें म्हणजे त्याचा दोष कळेल. ढीवर बूट घालून जाळें टाकीत नाहीं. त्याशिवाय तांब्या-पितळेच्या खिळ्याशीं त्याचा ओला संबंध आला कीं विजेच्या घटाप्रमाणें क्रिया सुरू होऊन पत्राच खाल्ला जातो. नावच पत्र्याची असेल व वर सांवली असेल, तर तो चालेल.

खिळा कीं फिरकी ?

जिन्नस कोणताही निवडला तरी तो कसा बसवावा ह्यावर निम्मा निकाल अवलंबून आहे. आमच्या दृष्टीनें फळी फासळ्यांवर खिळ्यांनीं कायमची ठोकणें हाच मुख्य अपराध. प्रत्येक खिळा फासळींत एक भोंक पाडतो व त्या भोंकावाटें ओल थेट गाभ्यांत शिरते. लोखंड गंजलें कीं भोंवतालचें लांकूडही सडतें. पुढच्या वेळीं फळी काढतांना फासळी चिरते ती वेगळीच. त्यापेक्षां फळ्यांचे दोनतीन स्वतंत्र चौकट-तुकडे करावे, एकेका माणसास सहज उचलतां येतील एवढे. ते फासळ्यांवर नुसते टेकवावे, आणि कडेस लांकडाच्या फिरत्या खिट्ट्या लावून अडकवावे. म्हणजे नाव कलली तरी ते निसटणार नाहींत. चौकट जोडण्यास स्क्रू लागतील ते पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे. पितळेच्या भांड्यांनीं ज्या शहराचें नांव गाजविलें त्या भंडाऱ्यांत पितळेचा स्क्रू दुर्मिळ होऊं नये.

फळ्यांच्या पट्ट्यांमध्यें करंगळीएवढी फट ठेवावी. फट ठेवल्यानें पाणी खालीं जातें, वारा खेळतो, आणि वजनही घटतें : वर सांगितलेल्या सलग सागवानाच्या ४१ किलोंचे फटींमुळें ३१ किलोच होतात. प्लायवूड असेल तर फटींच्या ऐवजीं रांगेनें भोंकें पाडावीं. जाळ्याची गांठ किंवा पायाचें बोट अडकेल एवढी मोठी फट नसावी, आणि चिखलानें बुजेल एवढी लहानही नसावी. पाणी उपसण्याच्या जागेवरचा तुकडा इतरांहून लहान असावा, म्हणजे एका हातानें तो उचलून दुसऱ्या हातानें डबा घालतां येईल.

राहिला प्रश्न लेपाचा. कोठें कोठें गाडीचें जळकें तेल फळीस फांसण्याची रीत आहे. ती सोडावी, कारण तें तेल पावसाबरोबर तळ्यांत उतरतें, आणि आपल्याच मासळीच्या अंगास लागतें. तांबें, क्रोमियम व सोमल ह्यांच्या मिश्रणानें लांकूड मुरविण्याची कारखानी रीत टिकाऊ खरी. पण सोमल तो सोमलच. अमेरिकेंतील उत्पादकांनीं २००३ सालाच्या अखेरीस राहत्या घरांच्या कामासाठीं त्याचा उपयोग बंद केला. जेथें मासळी ठेवावयाची व अनवाणी उभें राहावयाचें तेथें तें नको. त्यापेक्षां उकळलेलें जवसाचें तेल बरें. जवस आमच्या विदर्भाचेंच पीक. कोरड्या फळीवर पातळ हात द्यावा, उरलेलें पुसून घ्यावें व पूर्ण सुकूं द्यावें. एक इशारा मात्र सर्वांनीं, विशेषतः घरांतील स्त्रियांनीं, ध्यानांत ठेवावा : ह्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवाव्या.

आमचा निर्णय

एवढ्या विवेचनावरून निर्णय असा निघतो. लहान तळ्यावर, एकट्यादुकट्यानें वल्हविण्याच्या डोंग्यास बांबूचा विणलेला तट्टा घालावा, व तो वेळच्या वेळीं बदलावा. गोसीखुर्दच्या जलाशयावर दोघांतिघांनीं दिवसभर वापरावयाच्या फळ्यांच्या नावेस, ऐपत असेल तर सागवानाच्या गाभ्याच्या पट्ट्यांची जाळीदार चौकट करावी. ऐपत कमी असेल तर आय. एस. ७१० प्लायवूडचे भोंकें पाडलेले व कडा बंद केलेले तुकडे करावे. ह्या सर्वांत एक नियम अबाधित ठेवावा : जी फळी काढतां येत नाहीं ती नावेंत घालूं नये.

आणि ती काढतां येते म्हणून खरोखरच काढावी. नांगर टाकून नाव कांठाला लागली कीं एखादा तुकडा उचलून उभा करून ठेवावा. वैशाखांत तळें आटलें म्हणजे सर्व फळ्या काढून, तळांतला गाळ खरवडून, नाव पालथी घालून सांवलींत व वाऱ्यांत वाळवावी. आणि मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक फासळी दाभणानें टोचून पाहावी. दाभण लोण्यांत शिरल्यासारखें शिरलें तर ती फासळी पावसाळ्यापूर्वींच बदलावी. ठोकून पाहावें, खणखणीत नाद आला तर लांकूड सजीव आहे, बद्द आवाज आला तर तेथें सुताराची गरज आहे. ही परीक्षा जुन्या ढीवरांस शिकवावी लागत नाहीं, ते ती आपल्यास शिकवितात. पण ठोकून बसविलेल्या फळीमुळें त्यांचाही हात फासळीपर्यंत पोंचत नाहीं.

वाचकांनीं ह्यांत काय करावें? दोन गोष्टी. गांवोगांव जुने वाडे पाडले जात आहेत, व त्यांतून तक्तपोशीच्या, माडीच्या, जिन्याच्या सागवानी फळ्या निघत आहेत. तें शेंपन्नास वर्षें घरांत वाळलेलें गाभ्याचें लांकूड आहे. तसें आज सहजासहजीं विकत मिळत नाहीं. तें भंगाराच्या भावानें जळणांत घालविण्याऐवजीं गांवच्या ढीवरांच्या सहकारी संस्थेस आधीं विचारावें. ज्या फळीखालीं आपल्या आजोबांची पिढी झोपली, तिच्यावर एखाद्या कुटुंबाचा कर्ता पाय रोवून उभा राहील. लांकडास ह्याहून चांगली गति कोणती?

दुसरी गोष्ट आपल्या घरांतली. माजघरांतील पाण्याच्या घडवंचीचे पाय, देवघराच्या चौरंगाखालची फळी, न्हाणीच्या दाराच्या चौकटीचा तळ, पावसाळ्यांत भिंतीला चिकटून असलेलें पुस्तकांचें कपाट, ह्या सर्वांची गत नावेच्या फासळीसारखीच असते. वरून तीं पुसलेलीं, रंगविलेलीं दिसतात. खालीं ओल कोंडलेली असते. त्यांच्याखालीं बोटभर विटेचा वा दगडाचा आधार देऊन हवेस वाट करून द्यावी, वर्षांतून एकदां तीं हलवावीं, आणि दाभणाची परीक्षा त्यांनाही लावावी. रंगाचा नवा हात देण्यापूर्वीं आंत काय आहे तें उघडून पाहण्याची संवय घरांतील मुलांस लागली, तर ती त्यांना लांकडापुरतीच उपयोगी पडेल असें नाहीं.